याप्य : दमेकरी मूल आणि ‘दुसऱ्या’ उपायांचा इतिहास

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाने दम्यावर काय बोलावं, असं कुणाला वाटलं तर ते साहजिक आहे. कोणतं औषध द्यावं हे सांगायला आम्ही उभे नाही. ते डॉक्टरांचं काम. पण मुलाला वर्षानुवर्षं दमा आहे आणि आईबाप एकामागून एक उपाय करत हिंडताहेत, ही गोष्ट फार जुनी आहे. तिला इतिहास आहे. शिवाय ‘याने गुण आला’ हे वाक्य आपण जितक्या सहजपणे बोलतो, तितकं ते सोपं नाही. गुण आला म्हणजे नेमकं काय झालं? आणि तो याच्यामुळेच आला, हे कशावरून? आज आपण या एका वाक्याचा माग काढू.

दमेकरी मुलाचं घर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना फार सांगायला नको. रात्री दोन-अडीचला मूल उठून बसतं. आडवं होता येत नाही. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, छातीतून शिटीसारखा आवाज येतो. आई पाठ चोळते, कुणी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकतं, कुणी अडुळशाचा रस मधातून देतं. सकाळी मूल बरं दिसतं, शाळेतही जातं. मग पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. अशा घरात शेजारीपाजारी, मावशी-आत्या, ऑफिसातले सहकारी सगळे एकेक पत्ता आणून देतात. अमक्या गावचा वैद्य, तमकी होमिओपॅथीची गोळी, कोजागरीच्या रात्री खिरीतून मिळणारं औषध, हैदराबादचा मासा. आईबाप जातात. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. श्वासासाठी धडपडणारं मूल समोर असताना हातावर हात ठेवून बसणं कुणालाच जमत नाही.

आता थोडं मागे जाऊ. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सतरावा अध्याय उचकी आणि श्वास यांच्या चिकित्सेचा आहे. तिथे श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. यातला तमकश्वास म्हणजे आपण ज्याला आज दमा म्हणतो त्याच्या सगळ्यात जवळचा. वर्णन इतकं नेमकं आहे की आजच्या डॉक्टरांनाही मान डोलवावी लागेल. आडवं झालं की त्रास वाढतो, बसलं की बरं वाटतं. ढगाळ हवा, पाऊस, थंडी, पूर्वेकडचा वारा यांनी जोर होतो. कफ सुटला की थोडा वेळ आराम पडतो. हे लिहिणाऱ्यांनी रुग्णाजवळ बसून रात्री काढल्या असणार.

पण आमचं लक्ष वेधून घेतो तो पुढचा शब्द. या तमकश्वासाला चरकसंहिता ‘याप्य’ म्हणते. आयुर्वेदाने रोगांची वर्गवारी केली ती अशी: काही साध्य, म्हणजे बरे होणारे, काही असाध्य, आणि या दोन्हींच्या मध्ये याप्य. याप्य म्हणजे जो समूळ जात नाही, पण नीट सांभाळला तर माणूस चांगलं आयुष्य काढू शकतो. उपचार चालू आहे तोवर रोग आवरलेला राहतो, उपचार सोडला की तो डोकं वर काढतो. आणि लगेच एक सवलतही दिली आहे: तमकश्वास नुकताच उद्भवलेला असेल तर तो साध्य होऊ शकतो.

मंडळी, हा शब्द आपण विसरलो. आज जाहिरातीत ‘दमा मुळासकट घालवा’ असं लिहिलेलं असतं आणि ते बऱ्याचदा ‘प्राचीन परंपरे’च्या नावाने लिहिलेलं असतं. परंपरेच्या मूळ ग्रंथाने मात्र तसं सरसकट वचन दिलेलं नाही. मुळासकटची भाषा बाजाराची आहे, चरकाची नव्हे.

बाहेरच्या जगातही हेच दिसतं. बाराव्या शतकाच्या अखेरीस कैरोमध्ये मायमोनिदीज या ज्यू तत्त्वज्ञ-वैद्याने राजघराण्याशी संबंधित एका रुग्णासाठी दम्यावर अरबीत एक ग्रंथ लिहिला. त्यात खाणंपिणं, हवा, झोप, मनाची अवस्था यांवरच भर आहे. तत्त्वज्ञान आणि दमा यांची गाठ काही आज पहिल्यांदा पडत नाही, एवढंच यावरून लक्षात घ्या.

एकोणिसाव्या शतकात या. १८५८ साली न्यूयॉर्कमधल्या एका सधन घरात थिओडोर रूझवेल्ट जन्मला. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, पण लहानपणी दम्याने बेजार होता. बाप त्याला रात्री कडेवर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत असे, घोडागाडीत बसवून वाऱ्यावर हिंडवत असे. त्याला कडक काळी कॉफी पाजली, उलटीचं औषध दिलं, इतकंच काय, सिगारही ओढायला लावली. यातलं काही अडाणीपणाचं नव्हतं. १८६० साली लंडनच्या हेन्री हाइड सॉल्टर या डॉक्टरने दम्यावर जो नावाजलेला ग्रंथ लिहिला, त्यात कडक कॉफीची शिफारस आहे. सॉल्टर स्वतः दमेकरी होता.

दुसरं उदाहरण मार्सेल प्रूस्तचं. फ्रेंच भाषेतला हा थोर कादंबरीकार. नऊ-दहा वर्षांचा असताना, १८८१ साली, पॅरिसमध्ये फिरायला गेलेला असताना त्याला दम्याचा पहिला मोठा झटका आला. त्याचे वडील आद्रियाँ प्रूस्त साधे गृहस्थ नव्हते. कॉलऱ्याची साथ रोखण्यावर काम केलेले, आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक. पण मुलाचा दमा त्यांच्यानेही हटला नाही, आणि हा मुलगा पुढे आयुष्यभर खोली बंद करून औषधी धूर घेत बसला. पैसा, शिक्षण, वैद्यकाचं ज्ञान, काहीही असो, मुलाच्या दम्यापुढे आईबाप सारखेच हतबल होते.

हा जो औषधी धूर म्हणतो, त्याची कथा आपल्याकडून जाते. १८०२च्या सुमारास मद्रासमधले वैद्यकीय अधिकारी जेम्स अँडरसन यांच्याकडून धोत्रा चिलमीत ओढण्याचा उपाय एका लष्करी अधिकाऱ्यामार्फत ब्रिटनमध्ये पोचला. तिथून त्याच्या सिगारेटी झाल्या, पुड्या झाल्या, आणि त्या विसाव्या शतकातही औषधांच्या दुकानात विकल्या जात होत्या. मद्रासमधला देशी उपाय लंडन-पॅरिसचा मान्य उपचार झाला! आता कुणी घरी जाऊन धोत्र्याचा प्रयोग करू नये. ते विष आहे, आणि लहान मुलाच्या बाबतीत तर जीवघेणं. पण धोत्र्यात जी द्रव्यं आहेत त्यांतलं एक अ‍ॅट्रोपिन. त्यात फेरफार करून इप्राट्रोपियम तयार झालं, आणि ते आजही दवाखान्यात वाफेच्या यंत्रातून दिलं जातं.

अशी उदाहरणं आणखी आहेत. चीनमध्ये मा-हुआंग नावाची वनस्पती शतकानुशतकं वापरात होती. १९२४ साली पेकिंगमध्ये चेन आणि श्मिट यांनी तिच्यातल्या इफेड्रिनचा अभ्यास जगापुढे मांडला आणि ते दम्याचं औषध म्हणून सर्वत्र गेलं. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडे खेला नावाच्या झाडाचं बी वापरत. त्यातल्या द्रव्याचा धागा धरून रॉजर आल्टुनियन या ब्रिटिश डॉक्टरने १९६०च्या दशकात क्रोमोग्लायकेट शोधलं. हा गृहस्थ दमेकरी होता आणि नवनव्या संयुगांचा प्रयोग स्वतःवरच करत असे. आपल्या परसातला अडुळसा घ्या. त्यातल्या व्हॅसिसिनपासून प्रेरणा घेऊन कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन तयार झालं. रूझवेल्टच्या कॉफीतलं कॅफिनसुद्धा थिओफिलिन या दम्याच्या औषधाचं सख्खं भावंड आहे.

यावरून काही जण घाईने म्हणतात, ‘बघा, आमच्याकडे सगळं होतंच!’ तसं नाही. मा-हुआंग टिकली, पण तिच्याबरोबर वापरात असलेल्या कितीतरी गोष्टी गळून पडल्या. औषध कुठून आलं हा प्रश्नच गौण आहे. आजीच्या बटव्यातून येवो, नाहीतर जर्मनीतल्या कारखान्यातून. प्रश्न आहे तो गाळणीचा. कोणत्या गाळणीतून गाळल्यावर एक उपाय खाली उतरला आणि दुसरा वर राहिला?

इथे आपल्या न्यायशास्त्राची मदत घेऊ. कार्यकारणभाव ठरवण्यासाठी आपल्याकडे अन्वय आणि व्यतिरेक अशी जोडी सांगितली आहे. अन्वय म्हणजे हे असताना ते असतं. व्यतिरेक म्हणजे हे नसताना ते नसतं. औषध घेतलं आणि बरं वाटलं, हा झाला अन्वय. पण औषध घेतलं नसतं तर बरं वाटलं नसतं का? हा व्यतिरेक आपण तपासत नाही. तो न तपासता निष्कर्ष काढला तर तो काकतालीय न्याय. साध्या मराठीत, कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

आणि दमा हा रोगच असा आहे, की कावळा हमखास फांदी मोडायच्या वेळी येऊन बसतो. तीन कारणं सांगतो. पहिलं, दम्याचा झटका येतो आणि जातो. तो कायम सारख्या जोराने राहत नाही. आईबाप नव्या वैद्याकडे धावतात ते त्रास अगदी शिगेला पोचल्यावर. शिगेनंतर उतार येणारच, आणि तो शेवटच्या औषधाच्या नावावर जमा होतो. दुसरं, दमा ऋतूप्रमाणे बदलतो. तिसरं, मूल वाढतं. अमेरिकेत टूसॉन इथे आठशेहून अधिक मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला गेला. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं, की पहिल्या तीन वर्षांत ज्यांना घरघर झाली होती, त्यांतल्या जवळपास ६० टक्के मुलांची घरघर सहाव्या वर्षापर्यंत थांबलेली होती. चरकसंहितेने नव्याने उद्भवलेल्याला साध्य का म्हटलं असेल, याचा विचार करायला ही आकडेवारी उपयोगी आहे. पण त्या तीन वर्षांत घरच्यांनी जे काही केलं असेल, मग तो अंगारा असो वा गोळी, त्याला ‘गुण आला’ असं ते आयुष्यभर सांगणार. खोटं बोलणार नाहीत ते. त्यांनी जे पाहिलं तेच सांगतील.

हैदराबादचा मासा या दृष्टीने पाहू. मृगाच्या मुहूर्तावर, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, बथिनी गौड कुटुंब जिवंत मरळ माशाच्या पिल्लाच्या तोंडात पिवळसर औषध घालून तो मासा गिळायला देतं. शाकाहारी असेल त्याला गुळातून. १८४५ साली एका साधूने पूर्वजांना हे औषध दिलं, फुकट वाटायच्या अटीवर, असं कुटुंब सांगतं. महाराष्ट्रातूनही गाड्या भरून लोक जातात. औषधाचा पाठ गुप्त आहे. पुढे ‘औषध’ या शब्दावर आक्षेप आल्यावर त्याला ‘प्रसाद’ म्हणू लागले. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही; फुकट देतात, श्रद्धेने देतात. पण अट अशी की तीन वर्षं लागोपाठ घ्यावं, आणि नंतर पथ्य पाळावं. आता तीन वर्षांत मूल तीन वर्षांनी मोठं होतं. बरं झालं तर माशाने झालं. नाही झालं तर पथ्य चुकलं किंवा एक वर्ष राहिलं. चुकीचं ठरण्याची शक्यताच ज्या दाव्यात ठेवलेली नाही, तो दावा खरा आहे हे तरी कसं कळणार?

मग व्यतिरेक तपासायचा कसा? दोन उदाहरणं. कॅनडात सात ते सोळा वर्षांच्या दमेकरी मुलांवर मणक्याच्या मालिशीसारख्या कायरोप्रॅक्टिक उपचाराचा प्रयोग झाला, तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांची नेहमीची औषधं चालूच ठेवली. निम्म्या मुलांना खरा उपचार, निम्म्यांना हुबेहूब दिसणारा लुटुपुटूचा. चार महिन्यांनी काय दिसलं? दोन्ही गटांतल्या मुलांचा त्रास कमी झाला होता, आणि दोघांत फरक नव्हता! एकाच गटाकडे पाहिलं असतं तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या.

दुसरा प्रयोग बॉस्टनचा, २०११ सालचा, प्रौढ रुग्णांवर झालेला. कधी खरा पंप, कधी औषध नसलेला पंप, कधी लुटुपुटूचं अ‍ॅक्युपंक्चर, कधी काहीच नाही. ‘किती बरं वाटलं?’ असं विचारल्यावर खरा पंप, खोटा पंप आणि खोट्या सुया या तिन्हींना जवळपास सारखंच उत्तर मिळालं, ५० टक्क्यांच्या आसपास सुधारणा. काहीच न केल्यावर २१ टक्के. पण फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजली, तेव्हा खऱ्या पंपाने २० टक्के वाढ दाखवली आणि बाकी सगळ्यांनी ७ टक्क्यांच्या आसपास. मंडळी, यावर थांबून विचार करा. बरं वाटणं आणि बरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरं वाटणं खोटं नसतं. धीर मिळाला, कुणी जवळ घेतलं, की वाटतंच. पण श्वासनलिका आवळलेलीच असेल, तर पहाटे चार वाजता त्या बरं वाटण्याचा उपयोग होत नाही. लहान मुलाला तर आपल्याला काय होतंय ते नीट सांगताही येत नाही.

आता कुणी म्हणेल, तुम्ही ॲलोपथीची वकिली करता. तर तिचाही हिशेब मांडू. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत फ्रान्झ अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दमा हा मनातून उपजणारा रोग मानला. दम्याचा आवाज म्हणजे आईसाठी दाबलेलं रडणं, असा अर्थ लावला. बोट आपोआप आईकडे वळलं. डेन्व्हर शहरातल्या एका संस्थेत मुलांना महिनोन् महिने, कधी दोन वर्षांपर्यंत, आईबापांपासून लांब ठेवत. गाठ कापून काढावी तसे ‘आईबाप कापून काढणं’ अशा अर्थाचा शब्दही या उपचाराला पडला होता. बरीच मुलं तिथे सुधारली, म्हणजे सिद्धान्त खरा ठरला असं वाटलं. पण डेन्व्हर उंचावरचं, कोरड्या हवेचं गाव. १९६०च्या दशकात हॉलंडमधल्या संशोधकांनी घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे दम्याला कारण होतात हे दाखवलं, आणि हे किडे कोरड्या हवेत फारसे जगत नाहीत. मूल घरापासून तुटलं तेव्हा आईपासून तुटलं, तसंच गादी-उशीतल्या किड्यांपासूनही तुटलं! मन आणि दमा यांचा संबंध नाही असं नाही. रडण्याने, भीतीने झटका येऊ शकतो. पण एका पिढीतल्या आयांनी विनाकारण अपराधाचं ओझं वाहिलं. हाही काकतालीय न्यायच, फक्त डॉक्टरी कोट घातलेला.

आणि पंपाचंही ऐका. १९५५ साली अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाला, जॉर्ज मेसनला, त्याच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारलं, की केसांच्या फवाऱ्यासारखं माझं औषध डबीत का भरता येत नाही? १९५६ साली पंप बाजारात आला. पण १९६०च्या दशकात इंग्लंड आणि वेल्समध्ये दम्याने तरुणांचे मृत्यू एकदम वाढले. आयसोप्रिनॅलिनच्या जोरकस पंपाकडे संशय वळला, इशारे दिले गेले, वापर उतरला, मृत्यूही उतरले. आधुनिक उपचार चुकत नाहीत असं नाही. मोजणी चालू होती म्हणून चूक पकडली गेली, एवढाच फरक. जिथे मोजणी नाही तिथे चुका होत नाहीत असं नव्हे. त्या कुणाला दिसत नाहीत.

आता आपल्या दारात येऊ. आपल्याकडे ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य घरोघर ऐकू येतं. मुलीचा पंप पाहुण्यांपासून लपवतात, पुढे लग्नात अडचण नको म्हणून. तात्काळ आराम देणारा पंप वेगळा आणि रोज घ्यायचा, सूज आवरणारा पंप वेगळा, हे बऱ्याच घरांत कुणी समजावून सांगितलेलंच नसतं. दुसऱ्या प्रकारच्या पंपात बहुधा स्टेरॉइड असतं, आणि या शब्दाची भीती बसलेली आहे. ती भीती अगदी निराधार नाही. लहानपणी वर्षानुवर्षं असं औषध घेतलेल्या मुलांचा पाठपुरावा झाला. मोठेपणी त्यांची उंची सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी भरली. हे आईबापांना सांगायला हवं. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही सांगायला हवं. २०१९च्या जागतिक अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. आणि यातला उपरोध असा, की स्टेरॉइडच्या भीतीने पंप टाकून जी निनावी पुडी आणली जाते, तिच्यातच स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. पंपातून मायक्रोग्रॅममध्ये थेट छातीत जातं, पुडीतून किती जातं हे कुणालाच माहीत नसतं.

मग दुसरे उपाय करूच नयेत का? असं आम्ही म्हणत नाही. प्राणायामाने, श्वासाच्या व्यायामाने काही रुग्णांचं रोजचं जगणं थोडं सुसह्य होतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. गरम पाणी, पाठीवरून फिरणारा आजीचा हात, वैद्याने शांतपणे विचारलेली अर्धा तास विचारपूस, याचंही मोल आहे. घाईच्या दवाखान्यात हेच मिळत नाही आणि म्हणून लोक दुसरीकडे जातात, हे डॉक्टरांनीही ओळखायला हवं. पण नव्या दारात पाऊल टाकताना आईबापांनी काही गोष्टी विचाराव्यात. पुडीत काय आहे, ते तुम्ही लिहून द्याल का? चालू औषध बंद करायला सांगताय का? गुण आला नाही, तर ते किती दिवसांत आणि कशावरून ओळखायचं? ज्याच्याकडे या प्रश्नांची सरळ उत्तरं नाहीत, त्याच्याकडे मुलाचा श्वास सोपवू नये. आणि घरी एक वही ठेवावी. कोणत्या रात्री खोकला आला, किती वेळा पंप लागला, शाळा किती बुडाली. त्या वहीत अन्वयही दिसेल आणि व्यतिरेकही. आठवणीवर भरवसा ठेवू नये; आठवण नेहमी शेवटच्या औषधाच्या बाजूने साक्ष देते.

सर्वांत मोठी अडचण औषधाची नाहीच, ती अपेक्षेची आहे. आपल्याला साध्य किंवा असाध्य एवढंच कळतं. ‘कायमचं बरं होईल’ असं म्हणणाऱ्याच्या मागे आपण जातो, आणि ‘रोज सांभाळावं लागेल’ म्हणणारा डॉक्टर आपल्याला हरलेला वाटतो. मूल खेळतंय, रात्रभर झोपतंय, पावसाळ्यात शाळा बुडत नाही, हे यश आपल्या हिशेबात धरलंच जात नाही, कारण पंप अजून कपाटात आहे! याप्य हा शब्द इथे कामाला येतो. रोज सांभाळून निरोगी माणसासारखं जगणं यात हार नाही, असं दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच वैद्यांनी जाणलं होतं. चष्मा लावणाऱ्याला आपण ‘चष्म्याची सवय लागली’ म्हणून हिणवत नाही. पंपाचंही तसंच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘मुळासकट’ म्हणालं, तर भांडू नका. फक्त विचारा, याप्य रोग साध्य झाला, हे तुम्ही कशावरून म्हणता? आणि उत्तर ऐकत असताना मुलाचं चालू औषध मात्र थांबवू नका. इथे थांबतो.